हार्बिनचा हिवाळा : डॉ. वू लिएन-तेह आणि श्वासातून पसरणारा प्लेग

१/
जानेवारी १९११. उत्तर मांचुरियातील हार्बिन शहराच्या वेशीबाहेर, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, दोन हजारांहून अधिक प्रेते उघड्यावर पडून आहेत. काही शवपेट्यांत, काही तशीच. जमीन दगडासारखी घट्ट झालेली आहे; कुदळीचा घाव तिच्यात उतरत नाही. ही प्रेते जाळून टाकण्याची अनुज्ञा मिळावी, असा अर्ज एकतीस वर्षांच्या एका डॉक्टराने पेकिंगच्या राजदरबाराकडे धाडला आहे आणि तो तारेची वाट पाहत आहे. त्याचे नाव वू लिएन-तेह. आजचा धागा त्याच्याविषयी. मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
२०२० नंतर हे नाव आपल्याकडेही थोडेफार पोहोचले. मुखपट्ट्या बांधलेल्या माणसांची जुनी कृष्णधवल छायाचित्रे फिरू लागली, २०२१ मध्ये गूगलने त्याच्या जन्मदिनी त्याचे चित्र मुखपृष्ठावर झळकविले, आणि ‘मास्कचा जनक’ ही पदवी त्याला चिकटली. ती पुरती खरी नाही. शल्यचिकित्सक तोंडावर पट्टी बांधू लागले ते १८९७ च्या सुमारास, युरोपात. वूने केले ते याहून वेगळे आणि माझ्या मते अधिक अवघड होते. काय ते कळण्यासाठी आधी हार्बिन सोडून मुंबईला यावे लागेल.

३/
सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील एका रुग्णाला प्लेग झाला असल्याचे निदान डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी केले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत कितासातो आणि येर्सां या दोघांनी प्लेगचे जंतू शोधले होते. पुढे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखविले. त्याला कोणी फारशी दाद दिली नाही. परंतु १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने शेकडो प्रयोग करून तेच सिद्ध केले : आधी उंदीर मरतो, त्याच्या अंगावरची पिसू उपाशी होऊन माणसाला चावते, आणि माणसाच्या जांघेत वा काखेत गाठ येते. तेव्हाची मराठी वृत्तपत्रे या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. नावातच गाठ होती.

४/
म्हणजे १९१० पर्यंत प्लेगचे कोडे सुटले, असे वैद्यकविश्व समजून चालले होते. उंदीर मारा, पिसवा मारा, घरे धुऊन काढा. हे ज्ञान मुंबई-पुण्याच्या लक्षावधी मृत्यूंतून आलेले होते आणि ते खरेही होते. हार्बिनमध्ये मात्र तेच ज्ञान जीवघेणे ठरणार होते.

५/
वूचा जन्म १० मार्च १८७९ चा, मलाया द्वीपकल्पातील पेनांग या ब्रिटिश बेटावरचा. वडील दक्षिण चीनमधून पोटासाठी आलेले सोनार. घरात अकरा भावंडे, हा आठवा. (एक तारीखयोग सांगण्याचा मोह आवरत नाही : या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगानेच गेल्या.)

६/
पेनांग फ्री स्कूलमध्ये शिकून त्याने राणीच्या नावाची शिष्यवृत्ती पटकाविली आणि १८९६ मध्ये तो केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाला. तेथे वैद्यक शिकणारा तो पहिला चिनी विद्यार्थी. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात त्याचे पुढचे शिक्षण झाले. मग लिव्हरपूल, जर्मनीतील हाले आणि पॅरिसची पाश्चर संस्था. लिव्हरपूलला त्याचे गुरू होते रोनाल्ड रॉस. अल्मोड्यात जन्मलेले आणि सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिलेले तेच रॉस.

७/
एवढी विद्या घेऊन तो १९०३ मध्ये घरी परतला, आणि तेथे भिंत उभी होती. वसाहतीच्या वैद्यकीय सेवेतील वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव. केंब्रिजची पदवी असो वा पाश्चर संस्थेतील संशोधन असो, कातडीचा रंग आड येई. क्वालालंपूरच्या संस्थेत वर्षभर बेरीबेरीवर काम करून त्याने पेनांगात स्वतःचा दवाखाना थाटला.

८/
दवाखान्यात बसून त्याने अफूविरुद्ध चळवळ उभी केली. सरकारी तिजोरीत अफूच्या मक्त्यातून मोठी रक्कम जमा होत असे, आणि मक्तेदारांत चिनी समाजातील धनवानही होते. तेव्हा शत्रू दोन्हीकडे. १९०७ मध्ये त्याच्या दवाखान्याची झडती झाली. अफूचा थोडासा अर्क सापडला. औषध म्हणून अगोदरच्या डॉक्टरकडून विकत घेतलेला. अफूविरोधी संघटनेच्या पुढाऱ्याला अफू बाळगल्याबद्दल दंड झाला. सर्व कायदेशीर! त्याच सुमारास युआन शिकाई या बड्या चिनी अधिकाऱ्याकडून बोलावणे आले : तिएन्त्सिन येथील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचे उपसंचालकपद. १९०८ मध्ये वू चीनला गेला. ज्या देशाचा तो म्हणविला जाई त्या देशाची राजभाषा त्याला तेव्हा नीट बोलताही येत नव्हती.

९/
आता मांचुरिया. रशिया आणि जपान यांच्यात १९०४-०५ चे युद्ध याच भूमीवर झाले होते. भूमी चीनची, पण उत्तरेची रेल्वे रशियाची आणि दक्षिणेची जपानची. हार्बिन हे रशियाने रेल्वेसाठी वसविलेले शहर. त्याला लागून फुज्यादियान नावाची चिनी वस्ती, सुमारे २४,००० लोकांची. बुटकी, कोंदट घरे. आत भट्टीने तापविलेला मातीचा ओटा आणि त्यावर ओळीने झोपलेले दहा-पंधरा मजूर.

१०/
या कथेला एक व्यापारी अंगही आहे, आणि ते मला फार बोलके वाटते. मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात तार्बागन नावाचा प्राणी राहतो. खारीच्या कुळातला, मांजराएवढा, बिळात राहणारा मार्मोट. त्याच्या कातड्याला पूर्वी फारशी किंमत नव्हती. पण रंगविण्याची नवी रीत निघाली आणि हेच स्वस्त कातडे युरोपच्या बाजारात सेबलसारखे मौल्यवान भासू लागले. भाव काही पटींनी वाढले. शांतुंगसारख्या दरिद्री प्रांतांतून हजारो तरुण शिकारीला धावले.

११/
तेथील मंगोल आणि बुर्यात शिकारी पिढ्यान्‌पिढ्या एक पथ्य पाळत : जो तार्बागन लडबडत चालतो, पळत नाही, त्याला शिवू नये. नवख्यांच्या दृष्टीने मात्र न पळणारा प्राणी म्हणजे सोपी शिकार. १९१० च्या ऑक्टोबरात रशियन सीमेवरच्या मानचौली गावात माणसे मरू लागली. नोव्हेंबरात रोग रेल्वेने हार्बिनला उतरला. पुढे चिनी नववर्ष येत होते; त्यासाठी लक्षावधी मजूर याच रेल्वेने, याच डब्यांतून, गावी परतणार होते.

१२/
राजकीय पेचही तसाच. साथ चीनला आवरत नसेल तर आम्ही आवरतो, ही भाषा रशिया आणि जपान दोघांकडूनही ऐकू येऊ लागली. आवरण्याचा अर्थ सैन्य आत घालणे. पेकिंगच्या परराष्ट्र खात्यातील शी चाओ-ची हा अधिकारी वूला ओळखत होता. त्याने तार केली. २४ डिसेंबर १९१० रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, एक साहाय्यक आणि एक सूक्ष्मदर्शक घेऊन वू हार्बिनच्या फलाटावर उतरला.

१३/
रुग्णांचे वर्णन एकसारखे येत होते : ताप, खोकला, थुंकीत रक्त, कातडीवर निळसर काळी छटा, आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. गाठ नाही. बरा झालेला एकही नाही. वूला प्रेत उघडून पाहायचे होते. चीनमध्ये शवविच्छेदन हा मृताचा अवमान मानला जाई; त्याला कायद्याची संमती नव्हती. २७ डिसेंबरला बातमी आली की चिनी नवऱ्याबरोबर खानावळ चालविणारी एक जपानी स्त्री रात्री वारली आहे. वू आणि त्याचा साहाय्यक तिच्या घरी गेले. त्या अंधाऱ्या खोलीतच, गुपचूप, त्यांनी छाती उघडली. फुप्फुस, हृदय, प्लीहा, यकृत यांचे तुकडे घेतले. देह पुन्हा शिवून, नीट कपडे घालून पेटीत ठेवला.

१४/
सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते प्लेगचे जंतू. फुप्फुसे त्यांनी गच्च भरलेली. हार्बिनमधील रशियन डॉक्टरांनीही हा प्लेग असल्याचे ओळखले होते, हे येथे सांगितले पाहिजे. वूच्या भक्तांच्या लेखनात ते बहुधा गाळले जाते. मात्र वूने यापुढचे पाऊल टाकले. गाठ नाही, मेलेले उंदीर दिसत नाहीत, आणि एका घरातला एक खोकू लागला की सगळे घर आडवे होते. तेव्हा येथे उंदीर व पिसू यांचे कामच नाही. रोग माणसाच्या फुप्फुसातून निघतो आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो.

१५/
आज हे वाक्य सोपे वाटते. फुप्फुसाचा प्लेग वैद्यकाला तेव्हाही ठाऊक होता. मुंबईच्या साथीतही त्याचे रुग्ण आढळले होते. पण तो गाठीच्या प्लेगाचा क्वचित येणारा सोबती समजला जाई. सबंध साथच त्याची असू शकते, तीही उंदराविना, हे मानायला कोणी तयार नव्हते. जपान्यांनी हजारो उंदीर पकडून चिरले. एकातही प्लेग सापडला नाही. तरी ते चिरतच राहिले.

१६/
वूने उपाय सुचविला तो हास्यास्पद वाटावा इतका साधा. जाळीदार कापडाच्या दोन थरांत कापसाची जाड गादी, टोके फाडून केलेल्या नाड्या, डोक्यामागे गाठ. किंमत नाममात्र, कोणीही घरी करावी अशी. डॉक्टर, परिचारक, पोलीस, प्रेते उचलणारे, सर्वांनी ती बांधावी. शल्यचिकित्सकाची पट्टी असते ती रुग्णाला डॉक्टरापासून जपण्यासाठी. ही पट्टी बांधणाऱ्यालाच हवेपासून जपणार होती.

१७/
याच वेळी डॉ. मेनी हार्बिनला आले. तिएन्त्सिनमधील महाविद्यालयातले फ्रेंच प्राध्यापक, वयाने आणि मानाने वडील. गाठीच्या प्लेगाची साथ त्यांनी स्वतः हाताळली होती. वू त्यांना भेटावयास हॉटेलात गेला आणि श्वासातून पसरण्याचा आपला सिद्धांत मांडला. प्राध्यापक संतापले. मोहिमेची सूत्रे आपल्याकडे हवीत, असे त्यांचे मत होते. चिनी असल्यावरून त्यांनी वूचा अपमान केला आणि थोरांना उलट उत्तर करतोस काय, अशा अर्थाचे बोल सुनावले.

१८/
(हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे तो वूच्या आत्मचरित्रातून. ते इंग्रजीत, घटनेनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९५९ मध्ये आले. मेनींची बाजू सांगावयास मेनी नव्हते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे.)

१९/
वूने पेकिंगला तार करून राजीनामा देऊ केला. दरबाराने राजीनामा नाकारला आणि मेनींनाच परत बोलाविले. मात्र त्याआधी, ५ जानेवारीला, मेनी रशियन रुग्णालयात गेले आणि त्यांनी पट्टी न बांधता रुग्ण तपासले. काही दिवसांत थंडी वाजून ताप आला, खोकला सुरू झाला. ११ जानेवारी १९११ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

२०/
हार्बिन हादरले. ज्या सिद्धांतासाठी वू सूक्ष्मदर्शक दाखवून थकला होता, तो एका युरोपीय प्राध्यापकाच्या मरणाने शहराला एका रात्रीत पटला. रस्त्यात माणसे पट्ट्या बांधून दिसू लागली. काहींची गळ्यात लोंबकळत असे, काहींची कानावर ताबिजासारखी. हेही दृश्य आपल्याला अनोळखी नाही. मेनी मूर्ख होते असे मात्र समजू नये. आपल्या अनुभवाशी ते प्रामाणिक होते; फक्त तो अनुभव दुसऱ्या रोगाचा होता.

२१/
याच दिवसांत रशियन रुग्णालयात वूची भेट पाव्हेल हाफकिन या डॉक्टराशी झाली. आडनाव ओळखीचे वाटले ना? मुंबईत प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेणारे वाल्देमार हाफकिन, त्यांचाच हा पुतण्या. परळची हाफकिन संस्था ज्यांच्या नावाने उभी आहे ते काका गाठीच्या प्लेगाशी झगडले. पुतण्याच्या वाट्याला त्याच जंतूचा हा दुसरा अवतार आला.

२२/
आता वूच्या हाती अधिकार होता. फुज्यादियानचे चार भाग पाडले गेले. प्रत्येक भागावर एक डॉक्टर, त्याच्या हाताखाली परिचारक आणि पोलीस. प्रत्येक भागाला एक रंग : पांढरा, तांबडा, पिवळा, निळा. रहिवाशाने आपल्या भागाच्या रंगाची पट्टी बाहीवर लावावी आणि विनापरवाना दुसऱ्या भागात जाऊ नये. बाहेरून हजाराहून अधिक सैनिक आणून वेढा घातला गेला. घरोघर झडती. रुग्ण सापडला की तो प्लेग रुग्णालयात. आणि त्याच्या घरची माणसे विलगीकरणात, रशियन रेल्वेकडून उसन्या घेतलेल्या १२० मालडब्यांत. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. ताप नसेल तर ठरावीक दिवसांनी सुटका. रेल्वेवर तपासणीनाकी बसली, मजुरांचे प्रवास अडविले गेले.

२३/
घरोघर झडती, सैनिक, विलगीकरण. हे वाचताना मराठी वाचकाच्या मनात १८९७ चे पुणे उभे राहिल्याशिवाय राहणार नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला (२०२० मध्ये आपल्यावर लागू झाला तो हाच). रँडच्या प्लेग समितीने गोरे सोल्जर घराघरांत शिरविले. देवघरे, माजघरे, स्त्रियांची तपासणी, सामानाची होळी. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. मुंबईत त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता.

२४/
मग हार्बिनमध्ये तसे का झाले नाही? ‘आपल्या माणसाने केले म्हणून लोकांनी सोसले’ हे उत्तर सोपे आहे, आणि ते अर्धेच खरे आहे. फुज्यादियानमध्येही लोक रुग्ण लपवीत. झडती टळावी म्हणून रात्री प्रेते रस्त्यावर टाकून देत. मालडब्यात नेलेला माणूस परत येत नाही, अशी भीती होती. ती निराधारही नव्हती. वूचे उपाय कठोर होते, यात शंका नाही. फरक दिसतो तो एका जागी, आणि तेथे आपण पुन्हा त्या गोठलेल्या स्मशानाशी येतो.

२५/
जमीन खणता येत नसल्याने डिसेंबरपासून प्रेते साठत गेली होती. थंडीत जंतू टिकून राहतील, उंदरांनी कुरतडले तर रोग त्यांच्यातही शिरेल, अशी धास्ती. शिवाय मोहिमेवरचे सैनिक आणि परिचारक रोज ती रास पाहत. पाहणाऱ्याचा धीर खचावा असे ते दृश्य. उपाय एकच, दहन. आपल्याला दहनात वावगे वाटणार नाही. पण चिनी मनाला ते भयंकर होते. पूर्वजांच्या भूमीत अखंड देहाने विसावा मिळावा, हा तेथे धर्म. शांतुंगचा मजूर परमुलखात मेला तरी त्याची पेटी केव्हातरी गावी जाईल, ही आशा. त्याला जाळणे म्हणजे त्याची मुक्तीच खुंटविणे.

२६/
वूच्या हाती सैन्य होते. रातोरात प्रेते पेटवून देणे त्याला अशक्य नव्हते. त्याने स्थानिक अधिकारी आणि वस्तीतील प्रतिष्ठितांना बरोबर घेऊन ते स्मशान दाखविले. त्यांचे मन वळविले. मग थेट सम्राटाकडे अर्ज. सम्राट म्हणजे पाच वर्षांचा बालक पू-यी, निर्णय कारभाऱ्यांचा. दिवस जात होते, रोज माणसे मरत होती, आणि हा डॉक्टर परवानगीसाठी थांबला होता. हे थांबणे बरोबर होते काय? ज्याच्या घरी त्या दिवसांत मृत्यू आला त्याने कदाचित नाही म्हटले असते. मला मात्र रँड आणि वू यांच्यातील अंतर या थांबण्यातच दिसते.

२७/
चिनी नववर्षाच्या सुमारास अनुज्ञेची तार आली. ३१ जानेवारी १९११ रोजी पेट्या आणि प्रेते शंभर-शंभरांच्या राशींनी रचली गेली, रॉकेल ओतले गेले आणि अग्नी दिला गेला. सुमारे २,२०० देह. त्यानंतरच्या प्रेतांसाठी सुरुंगाने जमीन फोडून खड्डे करण्यात आले. परंपरेने निषिद्ध मानलेली गोष्ट राजाज्ञेने उघडपणे झाली आणि वस्तीने ती मुकाट्याने पाहिली.

२८/
मृत्यूंचा आकडा उतरू लागला. १ मार्चला फुज्यादियानमधील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. तोवर वस्तीतील सुमारे चौथा हिस्सा, पाच हजारांहून अधिक माणसे, गेली होती. सबंध मांचुरिया व उत्तर चीन धरून ६०,००० च्या आसपास. मृतांत डॉक्टर, विद्यार्थी, रुग्णवाहकही मोठ्या संख्येने होते. मुकदेनच्या स्टेशनावर मजुरांची तपासणी करणारा ऑर्थर जॅक्सन हा ब्रिटिश डॉक्टर जानेवारीत वारला तेव्हा अवघ्या सव्वीस वर्षांचा होता.

२९/
एप्रिल १९११ मध्ये मुकदेनला, म्हणजे आजच्या शेनयांगला, आंतरराष्ट्रीय प्लेग परिषद भरली. अकरा राष्ट्रांचे प्रतिनिधी. चीनच्या भूमीवरची अशा प्रकारची ही पहिलीच शास्त्रीय परिषद. प्लेगचा जंतू शोधणारे खुद्द कितासातो जपानकडून आलेले. ब्रिटनकडून आलेल्यांत पेट्री होते, मुंबईच्या संशोधन आयोगात काम केलेले. आणि अध्यक्षस्थानी? वू लिएन-तेह. सात वर्षांपूर्वी ज्याला वसाहतीच्या सेवेत वरची जागा मिळत नव्हती, त्याच्या अनुमतीने आता साम्राज्यांचे शास्त्रज्ञ बोलायला उठत होते.

३०/
परिषदेत अमेरिकन डॉक्टर स्ट्राँग यांनी आपले प्रयोग मांडले : खोकणाऱ्या रुग्णापुढे धरलेल्या काचपात्रांत जंतू वाढतात, साध्या शांत श्वासाने सहसा नाही, खोकल्याने मात्र हमखास. उंदरावरचा आरोप या साथीपुरता मागे पडला. त्याच वर्षी रशियाच्या झाबोलोत्नी यांच्या पथकाला गवताळ प्रदेशात प्लेगची लागण झालेला तार्बागन सापडला. लडबडत्या प्राण्याला शिवू नये, हे मंगोल शिकाऱ्यांचे पथ्य आता शास्त्राच्या कागदावर आले.

३१/
परिषद एप्रिलमध्ये संपली, ऑक्टोबरात क्रांती झाली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत त्या बालसम्राटाचे राज्य गेले. सरकारे बदलत राहिली. वूचे काम चालू राहिले. हार्बिनमध्ये प्लेग प्रतिबंधक सेवा उभी झाली आणि तो तिचा प्रमुख झाला. लाटा येण्यापूर्वीच प्रयोगशाळा, रुग्णालये आणि माणसे तयार ठेवायची, ही तिची रीत. १९२०-२१ मध्ये फुप्फुसाचा प्लेग पुन्हा आला. या वेळी नऊ हजारांवर मृत्यू झाले. आकडा लहान नाही. पण पहिल्या साथीशी ताडून पाहावा.

३२/
त्याच्या पुढील कामांची यादी लांब आहे, ती झरझर पाहू. १९१५ मध्ये चिनी डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना, १९१८ मध्ये पेकिंगला चिनी पैशाने उभे राहिलेले आधुनिक रुग्णालय, १९२६ मध्ये हार्बिनला वैद्यकीय विद्यालय. त्याच वर्षी फुप्फुसाच्या प्लेगावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ राष्ट्रसंघाने प्रसिद्ध केला. १९३५ साली नोबेलसाठी त्याचे नाव सुचविले गेले. पारितोषिक मिळाले नाही.

३३/
यांतील एका कामाशी मात्र थांबले पाहिजे. चीनच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची क्वारंटीन तपासणी दीर्घकाळ परकीयांच्या हाती होती. कोणते जहाज रोगी, कोणते निरोगी, हे चीनच्या किनाऱ्यावर चीन ठरवीत नसे. १९३० मध्ये राष्ट्रीय क्वारंटीन सेवा स्थापन झाली, शांघायला तिचे मुख्यालय आले आणि वू तिचा संचालक झाला. सार्वजनिक आरोग्य म्हणजे सार्वभौमत्व, हे तो हार्बिनमध्ये शिकला होता. साथ आवरली नसती तर मांचुरिया १९११ मध्येच गमवावा लागला असता, असे त्याच्या समकालीनांना वाटे. १९३१ मध्ये जपानने तो घेतलाच. त्या धामधुमीत हेर असल्याच्या संशयावरून जपान्यांनी वूला अटकही केली होती.

३४/
१९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण आक्रमण केले. याच वर्षी वूची पत्नीही वारली. चीनमधील सर्व उभारलेले मागे टाकून तो मलायात परतला आणि इपोह या कथिलाच्या खाणींच्या गावात साधा दवाखाना उघडून बसला. ज्याच्या आज्ञेवर सैन्य हलत असे तो आता खोकला-पडसे तपासू लागला. पण जपान तेथेही आला. युद्धकाळात डाव्या प्रतिकारकांनी त्याला पळवून नेले आणि खंडणी घेऊन सोडले. सुटून आला तर खंडणी देऊन शत्रूला मदत केल्याचा आळ जपान्यांनी घेतला. आपण ज्याच्यावर उपचार केले होते अशा एका जपानी अधिकाऱ्यामुळे तो त्यातून वाचला.

३५/
युद्ध संपल्यावरही दवाखाना चालूच होता. गरिबांकडून तो सहसा पैसे घेत नसे. इपोहमध्ये सार्वजनिक ग्रंथालय उभे राहावे म्हणून त्याने वर्गणी गोळा केली. ऐंशीच्या उंबरठ्यावर आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि विश्रांतीसाठी पेनांगला, जन्मगावी, नवे घर घेतले. त्या घरात त्याला फार दिवस लाभले नाहीत. २१ जानेवारी १९६० रोजी त्याचे निधन झाले.